जुन्या लेन्समधून आपले शिक्षक

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सकाळपासून व्हरांड्यातल्या फोटोंसमोर निदान पंधरा जणांनी मला थांबवून एकच प्रश्न विचारलाय. "कुठलं ॲप वापरलंस गं?" मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ॲपच असणार असा सगळ्यांचा ठाम समज. एकानं तर, नाव सांगत नाही पण पुढच्याच रांगेत बसलाय, सासूबाईंचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून "मागचा फ्रीज तेवढा घालव" अशी ऑर्डरही दिलीय.

तर आधी खुलासा. ॲप नाही. तिथे लावलेल्या एकोणीस फोटोंपैकी सतरा माझ्या वडिलांच्या रशियन लेन्सनं काढलेत आणि दोन एका जुन्या जर्मन लेन्सनं. कॅमेरा मात्र आजचा, डिजिटल. माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं मऊ, विरघळल्यासारखं, ही करामत काचेची आहे, आणि थोडी भूमितीची. ती कशी होते आणि किती होऊ द्यायची, एवढंच मी आज सांगणार आहे. दुसरा भाग जास्त अवघड आहे, त्याला वेळ राखून ठेवते.

वडिलांनी १९८४ साली मुंबईहून एक वापरलेला झेनिट कॅमेरा आणला. त्या काळी रशियाशी आपला व्यवहार रुपयात चालायचा, त्यामुळे रशियन पुस्तकं स्वस्त असायची तसे रशियन कॅमेरेही नोकरदार माणसाच्या आवाक्यात यायचे. वजनाला वरवंट्यासारखा. त्याच्यावर बसवलेली लेन्स म्हणजे हेलिऑस ४४-२. ५८ मिलिमीटर, एफ २. ही काही फार अस्सल कुळातली नाही म्हणायची सोय नाही बरं का. जर्मनीत येना इथं कार्ल झाइसची बायोटार नावाची लेन्स होती, युद्धाच्या आधीची. तिच्याच रचनेवर युद्धानंतर रशियात मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हेलिऑस बनू लागली. चार गटांत सहा भिंगं. अशा लाखो लेन्स बनल्या, म्हणून अजूनही जगभर त्या जुन्या बाजारात सापडतात.

वडील २०१६ मध्ये गेले. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर पाणी आलं. वडिलांनी पस्तीस वर्षांत काढलेल्या फोटोंचे अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. पाणी उतरल्यावर ते उघडले तेव्हा पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. सोडवायला गेलं की माणसांचे चेहरे समोरच्या पानावर निघून जायचे. कॅमेरा माळ्यावर होता, तो वाचला. फोटो गेले आणि फोटो काढणारी काच राहिली. ती तरी वापरू, म्हणून मी तिच्या मागे लागले. आणि मेळाव्याच्या समितीत "शिक्षकांचे फोटो काढायला हवेत" असा विषय निघाला तेव्हा हात वर केला.

आता भूमिती. सर इथंच बसलेत, त्यामुळे चुकले तर उभं करतील.

लेन्सकडे पुढून बघितलं की आत एक भोक दिसतं. त्याचा व्यास काढायचा तर नाभीय अंतराला एफ-च्या आकड्यानं भागायचं. ५८ भागिले २, म्हणजे २९ मिलिमीटर. आपल्या लहानपणीच्या त्या जाडजूड मोठ्या रुपयाएवढं. आता समजा बाई माझ्यापासून दीड मीटरवर बसल्यात आणि त्यांच्या मागे, माझ्यापासून साडेचार मीटरवर, जास्वंदीचं पान आहे. त्या पानाच्या टोकापासून लेन्सच्या भोकाच्या दोन्ही कडांना दोन रेषा काढा. झाला त्रिकोण. पाया २९ मिलिमीटर, उंची साडेचार मीटर. या त्रिकोणाला बाईंच्या चेहऱ्याच्या पातळीवर आडवी रेघ मारा. पानापासून तिथपर्यंतचं अंतर तीन मीटर. समरूप त्रिकोण! २९ गुणिले तीन भागिले साडेचार, म्हणजे १९ मिलिमीटर आणि थोडं. याचा अर्थ असा की त्या पानाचा एकेक बिंदू फोटोत बाईंच्या कुंकवापेक्षा मोठ्या, १९ मिलिमीटरच्या चकतीएवढा पसरलेला दिसतो. हजारो बिंदू असे एकमेकांवर पसरले की पान राहत नाही, हिरवेपणा राहतो. सर, दहावीला आम्ही "याचा पुढे उपयोग काय?" असं विचारायचो ना? तीस वर्षं लागली, पण हा घ्या उपयोग.

हेच गणित फोनला लावा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं खरं नाभीय अंतर सहा-सात मिलिमीटर असतं आणि भोक साडेतीन-चार मिलिमीटर, मुगाच्या दाण्याएवढं. जास्वंदीचं तेच पान तिथं जेमतेम अडीच मिलिमीटर पसरतं. म्हणून फोनमध्ये सगळंच स्पष्ट येतं. मग पोर्ट्रेट मोड काय करतो? तो अंदाज बांधतो. माणूस कुठं संपतो आणि मागचं कुठं सुरू होतं याचा एक नकाशा तयार करतो आणि नकाशाच्या बाहेरचं गणितानं पुसट करतो. माझ्या धंद्यातलं काम आहे ते, आणि फार हुशारीचं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. दरवर्षी सुधारतंयही. पण विस्कटलेले केस, चष्म्याच्या काडीमागची फट, गजऱ्यातून डोकावणारा उजेड, इथं ते अजून गडबडतं. कानामागची एखादी बट मागच्या भिंतीबरोबर पुसून टाकतं. लेन्सला अंदाज बांधावा लागत नाही. जे जितकं लांब, ते तितकं पसरतं. केसाची बट चेहऱ्यापासून चार बोटं मागे असेल तर ती चार बोटांपुरतीच मऊ होते. स्पष्ट ते धूसर असा उतार मिळतो, कात्रीनं कापल्यासारखी कड दिसत नाही.

याच गणितातून एक फार उपयोगी गोष्ट निघते, ती फोनवाल्यांनीही लक्षात ठेवावी. आपल्याकडं फोटो म्हटला की माणूस आपसूक भिंतीला टेकतो. कॅलेंडर, घड्याळ, दिवंगतांचे हार घातलेले फोटो, सगळं डोक्याच्या वर रांगेत. आता चेहऱ्याच्या मागे फूटभरावर भिंत असेल तर करा हिशोब. २९ गुणिले ०.३ भागिले १.८. पाच मिलिमीटरसुद्धा नाही. एवढी मोठी लेन्स असून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं! म्हणून मी प्रत्येकाच्या घरी गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर सरांना किंवा बाईंना खुर्चीसकट उचलून खोलीच्या मध्यभागी किंवा अंगणात आणलं. आपल्या पीटीच्या सरांनी यावर "आयुष्यभर तुम्हाला रांगेतून मी हलवलं, आता तू मला हलव" असं म्हणून घेतलं.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी, हे बऱ्याच जणांना विचारायचं असेल. माझा कॅमेरा सोनीचा मिररलेस आहे. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असायचा, त्याला हलायला जागा लागायची. त्यामुळे झेनिटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे. नव्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, तिथं हे अंतर १८ मिलिमीटर. वजाबाकी करा, २७.४६. तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी मध्ये बसवली की झालं. नळीच्या एका टोकाला ४२ मिलिमीटरचे आटे, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याची बैठक. आत ना काच, ना वायर. हजार-दीड हजारात मिळते.

पण स्वस्तातली नळी स्वस्तातलीच असते. माझी मापाला एक दशांश मिलिमीटर जास्त भरली. एवढ्यानं काय होतं? ५८ च्या लेन्सला एवढ्यानं असं होतं की साधारण चौतीस मीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट येत नाही. चेहऱ्याला चालून जातं, पण रंकाळ्याचा पलीकडचा काठ कायमचा गेला. मग ती नळी घेऊन मी उद्यमनगरात आपल्याच एका वर्गमित्राच्या शेडवर गेले. तो पंपाचे भाग बनवतो. नळी हातात घेऊन त्यानं उलटसुलट बघितली, मायक्रोमीटर लावला आणि म्हणाला, "दहा शतांश काढायचं ना? चा पी तोपर्यंत." लेथवर धरून फेसिंग मारून दिलं, चहा गार व्हायच्या आत. पैसे घेतले नाहीत, फक्त "कशाला असल्या भंगारच्या नादाला लागलीयास" एवढं ऐकवलं. तो आज आलाय. भंगारातून काढलेला त्याचा स्वतःचा फोटो आता त्याच्या शेडमध्ये लागलाय, हेही सांगून टाकते.

कॅमेऱ्यात दोन गोष्टी कराव्या लागतात. लेन्स नसतानाही शटर चालू दे, अशी एक सेटिंग असते, ती चालू करायची. कारण कॅमेऱ्याला वाटत असतं की पुढं काही लावलेलंच नाही. आणि फोकस हातानं करायचा. पडद्यावर स्पष्ट भागाच्या कडा रंगीत दाखवायची सोय असते, तिची मदत होते, तरीही मी मोठं करून डोळा बघतेच. दीड मीटरवर एफ २ ला जेमतेम पाच सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यावर फोकस धरला तर कान गेला. माणूस बोलताना पुढं झुकला की डोळाही गेला. त्यामुळे एकेका शिक्षकांचे साठ-सत्तर फोटो काढले तेव्हा कुठं एक हाती लागला. वडील छत्तीस फोटोंचा रोल चार महिने पुरवायचे. ते हे कसं करत असतील, मला अजून कळत नाही.

मऊपणाबद्दल एक खरं सांगायला हवं. किती पसरतं ही एक गोष्ट, आणि पसरलेलं दिसतं कसं ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला फोटोग्राफीत बोकेह म्हणतात. मूळ जपानी शब्द बोके. इंग्रजी वाचकांनी तो नीट उच्चारावा म्हणून १९९७ मध्ये माइक जॉन्स्टन या संपादकानं त्याच्या फोटो टेक्निक्स मासिकात त्याला शेवटी एक ह जोडला. तर हेलिऑसचा बोकेह गुळगुळीत मुळीच नाही. झाडाच्या पानांसमोर माणूस बसवला तर कडेच्या प्रकाशचकत्या मांजराच्या डोळ्यासारख्या निमुळत्या होतात आणि माणसाभोवती सगळं गरगर फिरल्यासारखं दिसतं. कोपऱ्यातल्या तिरप्या किरणांची वाट लेन्सचीच कड अडवते, म्हणून असं होतं. हल्ली पोरं यासाठीच ही लेन्स शोधतात. मला सत्तरीतल्या बाईंच्या डोक्याभोवती भोवरा नको होता. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान आहे, त्यामुळे कडेचा बराचसा भोवरा आपोआप कापला जातो. उरलेल्याला उपाय म्हणजे मागं पानं न ठेवता सावलीतली भिंत, ओढलेला पडदा, लांबचं अंगण असं काही ठेवायचं.

खरी गुळगुळीत काच म्हणजे ती जर्मन, पूर्व जर्मनीची पेंटाकॉन, १३५ मिलिमीटर. तिच्या भोकाभोवती पंधरा पाती आहेत, त्यामुळे भोक लहान केलं तरी गोलच राहतं, पाचकोनी-सहाकोनी होत नाही. संस्कृतच्या बाईंच्या मागे जे सोनेरी ठिपके दिसतात ते त्यांच्या दारातल्या कढीलिंबातून आलेलं ऊन आहे. पण तिच्यासाठी लांब जावं लागतं, आणि आपल्या पेठेतल्या घरांत लांब जायला जागा कुठली! मी संस्कृतच्या बाईंचा फोटो शेजाऱ्यांच्या ओट्यावरून काढला. शेजारी मध्येच येऊन बसले ते वेगळंच.

आता राखून ठेवलेला भाग. किती धूसर करायचं?

हे मला आपल्या चित्रकलेच्या सरांनी शिकवलं, तीस वर्षांनी दुसऱ्यांदा. सर गेल्या फेब्रुवारीत गेले. फोटो त्याआधीच्या दिवाळीतला आहे. मंगळवार पेठेत, त्यांच्या घरी. मागे त्यांचं एक अर्धवट चित्र स्टँडवर होतं, रंकाळा आणि शालिनी पॅलेस. मी एफ २ वर फोटो काढला आणि कौतुकानं दाखवला. सरांनी चष्मा वर करून पडदा नाकाजवळ धरला. म्हणाले, "मी चांगला आलोय. पण मागं काय आहे? पंचा वाळत घातलाय का?"

आणि मग तिथंच, त्या वयात, कागद मागवला, पाणी मागवलं आणि मला वॉश दाखवला, आठवीच्या वर्गात दाखवायचे तसाच. "मागचं आधी. कागद ओला असताना. त्याला नाक-डोळे काढत बसायचं नाही. पण डोंगर आहे का म्हैस आहे, एवढं कळलं पाहिजे."

मग ते बाबूराव पेंटरांवर आले. त्यांचं येणं ठरलेलंच असायचं, आठवतंय ना? खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी दर १ डिसेंबरला कॅमेऱ्याची पूजा होते, कारण १९१७ साली त्याच तारखेला महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, हे आपण त्यांच्याकडूनच ऐकलं. आनंदराव १९१६ ला गेले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये इथं, कोल्हापुरात, चालणारा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये सैरंध्री आणला, हेही. पण त्या दिवशी सरांनी एक वेगळीच गोष्ट दाखवून दिली. आनंदराव आणि बाबूराव मुळात कोण? नाटकांचे पडदे रंगवणारे. पार्श्वभूमी हाच त्यांचा धंदा. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर, नटाच्या मागे सपाट. आणि तोच माणूस सिनेमात आल्यावर रंगवलेला पडदा बाजूला सारून उभे, भरीव सेट बांधायला लागला. म्हणजे मागं खरी खोली, खरा खांब, त्या खांबाला खरी सावली. सर म्हणाले, "ज्याला पडदा सगळ्यात चांगला रंगवता येत होता, त्यालाच कळलं की मागं नुसता पडदा असून भागत नाही. आणि तू एवढ्या भारी लेन्सनं माझ्यामागं परत पडदाच टांगतीयास."

मी एफ ४ वर आले. भोक निम्म्यावर, १४.५ मिलिमीटर. आता मागं पाणी आहे आणि पाण्याच्या काठावर काहीतरी उंच उभं आहे, एवढं कळतं. शालिनी पॅलेस ज्याला ठाऊक आहे तो ओळखेल. तोच फोटो बाहेर लावलाय. सरांनी तो छापलेला बघितला होता, एवढं समाधान आहे. "म्हैस नाही हे कळतंय," म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येक घरात मी हा प्रश्न विचारायला लागले की यांच्या मागचं कळायला हवं का? कुणाच्या मागे नुसता मुलांनी बांधलेला नवा फ्लॅट होता, तो खुशाल विरघळू दिला. प्रयोगशाळेच्या मामांच्या मागे त्यांची सायकल होती, जिच्यावरून ते चाळीस वर्षं शाळेत आले. ती एफ ५.६ ला ठेवली, घंटीसकट.

आता आपल्या मराठीच्या बाई. हे मी त्यांच्या मुलीला विचारून सांगते आहे. व्हरांड्यात तीन-चार जणांनी मला हळूच म्हटलं, "बाकीचे सगळे झकास, बाईंचाच तेवढा साधा आलाय. मागचं कपाट फार दिसतंय." खरं आहे. तो एफ ८ वर काढलाय.

बाईंना आता आठवत नाही. मी गेले त्या दिवशी त्यांनी मला तीन वेगवेगळ्या नावांनी हाक मारली, तिन्ही आपल्या शाळेतल्याच मुलींची नावं, वेगवेगळ्या तुकड्यांच्या. दर वेळी पुढं तेच, "ऱ्हस्व-दीर्घ बघत जा गं." जपानी लोक बोके हाच शब्द म्हातारपणी येणाऱ्या विसरभोळेपणालाही वापरतात. हे मला आधीपासून माहीत होतं, पण नुसतं माहितीतली गंमत म्हणून. बाईंसमोर कॅमेरा घेऊन बसल्यावर त्यातली गंमत गेली.

मी नेहमीप्रमाणे खुर्ची भिंतीपासून पुढं ओढायला गेले तर त्यांची मुलगी म्हणाली, "ताई, एक सांगू? मागची पुस्तकं ओळखू येऊ देत. आम्ही तिला जुने फोटो दाखवतो ना, तर ती आधी पुस्तकं ओळखते. ही पुस्तकं माझी, म्हणते. मग त्यांच्यापुढं बसलेली बाई कोण याचा विचार करते. कधी कधी येतं तिच्या लक्षात."

मग खुर्ची कपाटाला लावली, भोक सव्वासात मिलिमीटरपर्यंत आवळलं, तिपाई काढली आणि पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतील असा फोटो काढला. फोनवर काढला असता तरी जवळजवळ तसाच आला असता, हे मी मान्य करते. त्याची एक मोठी प्रत बाईंच्या पलंगासमोर लावलीय. मुलीचा परवा फोन आला होता. पुस्तकं रोज ओळखतात, म्हणाली.

थोडं काचेच्या तब्येतीबद्दल सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या माळ्यावर असा एखादा कॅमेरा आहे, याची मला खात्री आहे. आपल्या पावसानं लेन्सला बुरशी लागते. टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर फोटोत काही फरक पडत नाही, पण ती काचेवरचा लेप खाते, मग मात्र डाग कायमचे. जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडं द्या, घरी स्क्रू काढू नका. सगळ्यात वाईट म्हणजे कॅमेऱ्याची ती मूळची चामडी केस. आपण तीच जपतो, आणि तीच ओल धरून ठेवते. केस वेगळी ठेवा. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या दर पावसाळ्यात बदला. डबा कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. काही जुन्या जपानी लेन्सची काच पिवळी पडलेली असते, तिच्यात थोरियम असतं. अशी लेन्स खिडकीत उन्हाला काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. फक्त उघडी काच अशी ठेवा की ऊन तिच्यातून जाऊन मागच्या पडद्यावर एकवटणार नाही, नाहीतर लेन्स बरी व्हायची आणि घर पेटायचं.

आणि भंगारात घालण्याआधी मला एकदा दाखवा. लेन्सच्या मागं आटे असतील आणि त्यांचा व्यास ४२ मिलिमीटर भरला तर आपल्या उद्यमनगरच्या नळीवर ती बसणार. फिरवायच्या बैठकीची असेल तर तिची नळी वेगळी मिळते, तीही मागवू.

सासूबाईंच्या फोटोचं मी बघते. पण फ्रीज घालवायचा की ठेवायचा, ते आधी त्यांना विचारून ये.

एकोणीस झाले, चार शिक्षकांचे फोटो अजून राहिलेत. एक बाई अमेरिकेत मुलाकडं आहेत, त्या जानेवारीत येणार आहेत. एक सर गारगोटीला असतात, त्यांच्याकडं पुढच्या रविवारी जाणार आहे, गाडीत दोन जागा आहेत, यायचं असेल त्यांनी नाव द्या. उरलेले दोघं आज इथंच आहेत, आणि दोघंही सकाळपासून मला चुकवतायत. सर, बाई, साडेचारनंतर मैदानाच्या त्या टोकाला चिंचेखाली उजेड चांगला येतो. मागे शाळेची इमारत येईल. खुर्च्या मी नेऊन ठेवल्यात.